न वाचता केलेली सही

मला पंचायतीत घेतलं ते मी शहाणी होते म्हणून नव्हे. विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्यानंतर दोनेक वर्षांनी पंचायतीचा नवा कायदा आला आणि त्यात बायकांसाठी दोन जागा ठेवल्या गेल्या. आमचं गाव अल्लीपूरच्या अलीकडचं, बऱ्यापैकी मोठं. पण पुरुषांमध्ये आपल्या घरची बाई बसवायला एकही घर तयार होईना. एका जागेवर सरपंचांनी स्वतःच्या म्हाताऱ्या आईचं नाव दिलं. तिला ऐकू फार कमी येई, त्यामुळे कोणाची हरकत नव्हती. दुसऱ्या जागेसाठी ते एका सकाळी आमच्या ओसरीवर आले.

"नर्सबाई, तुमाले काय लाजायचं हाय? तुमी त साऱ्याइच्या घरात जाता," ते म्हणाले.

खरं होतं ते. मी मिशनच्या दवाखान्यात सुईणीचं काम शिकले होते. लग्नानंतर या गावात आले आणि गावातली बहुतेक बाळंतपणं माझ्याकडे आली. पण त्यांच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी उच्चारली नाही. पाटलाच्या सुनेनं पंचायतीत बसणं ही बेअब्रू होती, ख्रिस्ती बाईनं बसणं ही नव्हती. तिची अब्रू मोजायची पद्धत गावात वेगळी होती. मला ते तिथल्या तिथे कळलं. राग आला नाही. एवढ्या वर्षांत अशा गोष्टींचा राग करायचं मी सोडून दिलं होतं.

माझे यजमान गावच्या शाळेत मास्तर होते. ते म्हणाले, "हो म्हण. एखादं काम तरी होईल हातून."

गावात ख्रिस्ती घरं तीन. आमचं, एका निवृत्त कंपाउंडरचं आणि एका सुताराचं. लेकरंबाळं धरून अकरा माणसं. महिन्यातून एकदा हिंगणघाटाहून पाळकसाहेब मोटारीने यायचे आणि शाळेच्या एका खोलीत आमची उपासना व्हायची. खोलीची किल्ली सरपंच देत असत. मी पंचायतीत गेले त्या महिन्यात पाळकसाहेबांनी प्रार्थनेत माझं नाव घेतलं. अधिकारावर असलेल्यांसाठी आम्ही दर वेळी प्रार्थना करत असू, दिल्लीच्या लोकांसाठी, कलेक्टरसाहेबांसाठी. त्यांच्या रांगेत माझं नाव ऐकून मला लाजल्यासारखं झालं आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

मग मी सभेच्या बोलावण्याची वाट पाहत राहिले.

बोलावणं आलं नाही. महिन्याभराने कोतवाल आला. त्याच्या काखेत कापडात बांधलेलं मोठं पुस्तक होतं.

"बाई, सही द्या. इथं, सरपंचाच्या मायच्या अंगठ्याखाली."

"सभा कधी झाली?"

"झाली ना जी. तुमी कामात होत्या म्हून नाई बलावलं."

मी सही केली. पुढच्या महिन्यात पुन्हा केली. त्याच्या पुढच्या महिन्यात चुलीवर कात्र्या उकळायला ठेवल्या होत्या, एका घरून दोनदा माणूस येऊन गेला होता, कोतवाल दारात उभा होता. मी पदराला हात पुसले आणि सही केली. यजमान शेजारीच वह्या तपासत बसले होते. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. सहीला तेवढाच वेळ लागला.

चैत्रात गावाबाहेरच्या गोंडवस्तीतून एक बाई मला न्यायला आली. तिच्या सुनेचे दिवस भरले होते. वस्ती गावापासून पाऊण कोसावर, नाल्याच्या पलीकडे. वीसएक घरं असतील. माणसं शेतमजुरी करत, मोहफुलं, तेंदूपानं वेचत. आपसात ती गोंडी बोलत आणि माझ्याशी वऱ्हाडी. सकाळी दहाच्या सुमारास मुलगी झाली. मी बाळाला अंघोळ घालायला पाणी मागितलं. सासूने घमेल्यात आणलं ते पाणी चहासारखं होतं.

"दुसरं नाही का?"

"कुठून आणू बाई? नाल्यातला झिरा हाय तेवढाच. सकाळपासून दोघीजनी वाटीनं भरून राह्यल्या."

मी ते पाणी फडक्यातून तीनदा गाळलं, उकळलं, निवेपर्यंत थांबले. तोवर सासू माझ्यासमोर उकिडवी बसली. मग म्हणाली, "एक इचारू का? राग नोको मानू."

"विचार."

"आमच्याकडं पानी हाय असं तू लिहून देल्लं म्हनते. खरं हाय का?"

मला काही कळेना. मी म्हटलं, "कोणाला लिहून दिलं?"

मग तिने सांगितलं ते असं. सरकारकडून गावाला एक विहीर मंजूर झाली होती. ती गोंडवस्तीत व्हायची होती. वस्तीतले दोघे पुरुष विचारायला गेले तेव्हा पंचायतीच्या सेक्रेटरीने त्यांना पुस्तक उघडून दाखवलं. सगळ्या पंचांनी वस्तीत जाऊन पाहणी केली, तिथे पाण्याची तंगी नाही, म्हणून विहीर गावाच्या खालच्या अंगाला खोदावी, असा ठराव त्यात होता. खालच्या अंगाला सरपंचांचं खळं होतं. त्या दोघांना वाचता येत नव्हतं, पण सेक्रेटरीने बोट ठेवून सांगितलं, ही पाहा नर्सबाईची सही, ती तर तुमच्यात नेहमी येते, ती खोटं लिहील का?

"म्या म्हटलं, बाई असं नाई करनार," सासू म्हणाली. "पन सही हाय म्हनते."

बाळ माझ्या मांडीवर होतं. मी त्याचं अंग पुसत राहिले. त्या बाईने पुन्हा विचारलं नाही. मला वाटतं तिला उत्तर कळलं होतं. निघताना तिने नेहमीसारखी मोहफुलांची पुरचुंडी माझ्या पिशवीत टाकली. ती मला नको होती, पण नको म्हणायचंही तोंड नव्हतं.

घरी येऊन मी यजमानांना सांगितलं. ते खाटेवर बसून ऐकत होते.

"तू वाचलं नव्हतंस?"

"नाही."

"मीही तिथेच होतो," ते म्हणाले. "मीही वाच असं म्हटलं नाही."

लहानपणी बोर्डिंगात आम्हाला दहा आज्ञा पाठ करायला लावत. शेजाऱ्याबद्दल खोटी साक्ष द्यायची नाही ही त्यातली एक. ती मला सगळ्यांत सोपी वाटायची. आपण कशाला कोर्टात जाणार, असं वाटायचं. साक्ष अशी चुलीपाशी उभं राहून, ओल्या हाताने देता येते हे कोणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पंचायतीच्या खोलीवर गेले. सरपंच, सेक्रेटरी आणि आणखी तिघे पंच बसले होते. खुर्च्या पाचच होत्या. एक जण उठला, पण सरपंचांनी त्याला हाताने बसवलं. मी दाराला टेकून उभी राहिले.

"गोंडवस्तीच्या ठरावावर माझी सही आहे. त्यातला मजकूर खरा नाही. मी पाहणीला गेले नव्हते. तसं मला पुस्तकात लिहून द्यायचं आहे."

सेक्रेटरी हसला. "सही तुमची नोय का?"

"माझीच आहे."

"मंग काऊन केली?"

"न वाचता केली."

यावर सगळेच हसले. सरपंच हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुमी शिकल्या-सवरल्या. न वाचता सही केली हे गावात सांगत फिरान काय? तुमचीच शोभा होईन. घरी जा. इहीर गावातच होऊन राह्यली, काही पाकिस्तानात नाई."

"पण पाणी त्यांना नाही."

"झिरा हाय ना. बापजाद्यापासून पेते थे."

पुस्तकात लिहायला त्यांनी मला दिलं नाही. तशी तरतूद नाही, असं सेक्रेटरी म्हणाला. तरतूद आहे की नाही हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही.

मग यजमानांनी अर्ज लिहून दिला आणि मी हिंगणघाटला ब्लॉकच्या कचेरीत गेले. वैशाखाचं ऊन. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या खेपेला होते, पण वर्ध्याहून कोणी मोठे अधिकारी आले होते. दोन्ही वेळा मी व्हरांड्यातल्या बाकावर दिवसभर बसले. त्या बाकावर बसलेली माणसं एकमेकांशी बोलत नसत. प्रत्येकाच्या मांडीवर कागद आणि नजर दाराकडे. मी तिथे बसून प्रार्थना करायचा प्रयत्न केला, पण झोप यायची. देवाशी बोलताना डोळा लागतो याची पूर्वी मला फार टोचणी लागे. त्या उन्हाळ्यात तीही लागेनाशी झाली.

तिसऱ्या खेपेला साहेबांनी आत बोलावलं. तरुण होते, पुण्याकडचे असावेत. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"बाई, तुम्ही हे काय लिहिलंय ते तुम्हाला समजतंय ना? खोट्या कागदावर सही केली असं तुम्ही स्वतःच कबूल करताय. उद्या काही झालं तर पहिलं तुमच्यावर येईल."

"येऊ द्या."

त्यांनी अर्ज बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही ख्रिश्चन ना? त्या वस्तीत तुमचं धर्माचं काही काम चालतं का? माझ्याकडे तसं सांगणारी माणसं आली होती, म्हणून विचारतो."

म्हणजे माझ्या आधीच कोणीतरी त्या बाकावर बसून गेलं होतं.

"मी बाळंतपणं करते," मी म्हटलं. "प्रार्थना करते, पण ती मनात. ती कोणाला ऐकू जात नाही."

त्यांनी अर्जावर काहीतरी लिहून घंटी वाजवली.

गावात मात्र ती गोष्ट माझ्याआधी पोचली. बाई गोंडांना बाटवते आहे, विहीर हे निमित्त, असं लोक बोलू लागले. तोंडावर कोणी काही म्हणालं नाही. फक्त बोलावणी कमी झाली. ज्या दोन घरी त्या महिन्यात मला जायचं होतं, त्यांनी पलीकडच्या गावची म्हातारी सुईण आणली. एकीला ताप भरल्याचं कळलं तेव्हा मी आपण होऊन गेले. तिच्या सासूने दारातूनच परत पाठवलं. पुढे ती पोर बरी झाली.

पुढच्या उपासनेच्या रविवारी शाळेच्या खोलीची किल्ली मिळाली नाही. आम्ही अकरा माणसं आमच्या ओसरीवर बसलो. सुताराची बायको म्हणाली, "बाई, तुमचं खरं असन, पन माया नवऱ्याले गावातच काम करावं लागते ना." तिचा आवाज चढलेला नव्हता. उपासना झाल्यावर पाळकसाहेब मागे थांबले. त्यांनी चहा घेतला, कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले,

"बाई, आपण थोडके आहोत. आपलं राज्य काही या जगातलं नाही. या भानगडीत पडून तीन घरांचं कसं होणार?"

मी त्यांची कपबशी उचलली. त्यांनीच माझ्या नावाने प्रार्थना केली होती, ते मला आठवत होतं. चार दिवसांनी भाकरी थापताना मला उत्तर सुचलं: मग साहेब, ती सही कोणत्या राज्यातली होती? पण तोवर ते हिंगणघाटला गेलेले, आणि उत्तर सुचल्याचा मला काही आनंदही झाला नाही. ते वाईट माणूस नव्हते. आमच्या जिवाला घोर नको एवढंच त्यांना वाटत होतं.

मृगाच्या आधी ब्लॉकचे साहेब जीप घेऊन आले. ते आधी वस्तीत गेले आणि झिरा पाहिला. मग पंचायतीच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. या वेळी मला खुर्ची मिळाली. सरपंचांच्या आईलाही आणलं होतं, कारण तिचा अंगठा होता. दोन सुनांनी धरून तिला बसवलं. डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढलेला. साहेबांनी एकेकाला विचारलं, पाहणीला गेला होतात का? पंच म्हणाले, हो जी, गेलतो. कोणत्या दिवशी, ते कोणाला आठवेना, पण गेलतो. सरपंच म्हणाले, बाईही होत्या, आता नाही म्हणतात, त्याला काय करावं?

मग साहेब म्हातारीकडे वळले. तिला ऐकू गेलं नाही. सेक्रेटरी घाईने म्हणाला, "साहेब, तिले ऐकू येत नाई, जाऊ द्या." पण साहेब उठून तिच्या कानाशी वाकले आणि मोठ्याने म्हणाले, "आजी, गोंडवस्तीत विहिरीची जागा पाहायला गेला होतात का?"

म्हातारीने पदर थोडा वर केला.

"मी?" ती म्हणाली. "मी कुठं जातो, बापू? माये पाय चालते का? अंगठा त पोरगा घरीच घेते. शाई लावते अन् घेते."

मग तिने इकडे तिकडे पाहिलं, माझ्यावर नजर आली तशी म्हणाली, "या बाईच्या घरीबी पुस्तक असंच जाते म्हनते. कोतवालच सांगते."

सरपंचांचा चेहरा मी पाहिला नाही. मला पाहवेना. ती त्यांची आई होती. तिने हे भोळेपणाने सांगितलं की समजून उमजून, ते मला कधीच कळलं नाही. पुढे एकदा देवळाच्या पारावर ती बसलेली दिसली तेव्हा मी जवळ गेले आणि काही बोलणार एवढ्यात तिनेच विचारलं, "कोनाची व तू?" तिला खरंच ओळख लागली नाही की काय, देव जाणे.

ठराव रद्द झाला. माझ्यावर काही आलं नाही; साहेबांनी फक्त समज दिल्याचा कागद पाठवला. पण त्या वर्षीची मंजुरी परत गेली. म्हणजे विहीर वस्तीतही झाली नाही आणि खळ्याजवळही नाही. पावसाळा लागला, नाल्याला पाणी आलं, आणि लोकांनी तो विषय सोडून दिला. वस्तीतली ती सासू एकदा बाळाला दाखवायला घेऊन आली. मी म्हटलं, "विहीर गेली ना ग." ती म्हणाली, "तशीबी नव्हतीच." तिने ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असेल. मला तसं काही वाटलं नाही.

शाळा उघडल्यावर पंधरा दिवसांत यजमानांच्या बदलीचा हुकूम आला, आर्वीकडच्या एका खेड्यात. बदल्या दर वर्षी होत, त्यामुळे यात कोणाचा हात होता असं मी छातीठोक सांगू शकत नाही. यजमान हुकूम वाचून म्हणाले, "चला, तिकडे थंडी बरी असते म्हणतात." त्यांनी त्यावर दुसरा शब्द काढला नाही. तेवढ्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. आम्ही सामान बांधलं. पंचायतीच्या सभासदपणाचा राजीनामा मी चार ओळींत लिहिला. या वेळी तो तीनदा वाचून मग सही केली.

सुताराच्या बायकोने वाटेसाठी भाकरी बांधून दिल्या. पोट चाचपून तिचे दिवस मीच मोजले होते, आता तिचं बाळंतपण दुसऱ्या कोणाला करावं लागणार होतं. ती रडली. मला रडू आलं नाही. बैलगाडीत बसल्याबरोबर मला झोप लागली आणि पुलगावचं स्टेशन येईपर्यंत, मधली दोन गावं, एक नदी, काहीच मी पाहिलं नाही.

लोक कधी कधी विचारतात, विशेषतः चर्चच्या मंडळीतली तरुण मुलं, की ख्रिस्ती माणसाने पंचायतीत, सरकारात पडावं का? मी पडा म्हणते. पण त्यांना वाटतं तसं त्यात काही तेज नाही. बाक असतात, दौऱ्यावर गेलेले साहेब असतात, आणि आपण स्वतः केलेली चूक असते जी दुसऱ्याच्या पाण्यावर जाऊन बसते. मी चांगुलपणा केला असं मला कधी वाटलं नाही. मी माझंच लिहिलेलं खोडत होते, आणि तेही अर्धंच खोडलं गेलं.

गाव सोडल्यावर दोनेक वर्षांनी हिंगणघाटला एका लग्नाला गेले होते. मोटारस्टँडवर वस्तीतली ती सासू भेटली. डोक्यावर सरपणाचा भारा होता. तिने मला आधी ओळखलं आणि भारा खाली टाकून हात धरला.

"इहीर झाली बाई आमच्याकडं. मागच्या उन्हाळ्यात."

"खरंच? कोणी केली?"

"सरकारनं. सरपंच आलते नारळ फोडाले. फोटू काढला. म्हने, म्याच आनली."

"आणि पाणी? गोड आहे का?"

"मचूळ हाय," ती म्हणाली. "पन हाय."

तिला आणखी सांगायचं होतं, नातीबद्दल, ती आता धावते म्हणून. मलाही ऐकायचं होतं. पण कंडक्टर ओरडत होता, आणि उभ्याने एवढा प्रवास करायची ताकद माझ्यात राहिली नव्हती. मी तिचा हात सोडला आणि जागा धरायला आत चढले.